मंजुरी लवकर आली म्हणून लेक मागं राहिली

परदेशातल्या नातलगांनी केलेले अर्ज, त्यांची वर्षानुवर्षांची रांग आणि गावच्या दप्तराशी असलेला त्यांचा संबंध

शेतीच्या पानावर व्हिसाची गोष्ट कशाला, असं काहींना वाटेल. पण आता गावटी एखादं तरी घर असं असतंच, की ज्यांची लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली आणि तिनं मागं राहिलेल्या भावासाठी अर्ज टाकला. तो अर्ज टाकून पंधरा-वीस वर्षं होतात. त्याचे कागद पिशवीत गुंडाळून, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ट्रंकेत ठेवलेले असतात. शेतीशाळा संपली, माणसं पांगली, की कुणीतरी ती पिशवी घेऊन मागं थांबतं. "भाऊसाहेब, एवढं इंग्रजी वाचून सांगा. आमची पाळी कवा यायची?"

बोंडअळीवर सल्ला मागितला तर तो देता येतो. या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर देता येत नाही. लोकांची तक्रार उशिराची आहे असं वरवर दिसतं, पण दोन घटका बसून ऐकलं की खरी तक्रार वेगळीच निघते. उशीर माणूस सोसतो. पावसाची वाट बघायची सवय असलेल्या शेतकऱ्याला थांबणं काही नवं नाही. त्याला सोसत नाही ते हे, की सारख्याच दोन अर्जांना दोन न्याय मिळतात आणि रांगेत उभं असताना रांगेचाच नियम बदलतो. हे कसं होतं, त्यात आपल्या हातात किती आहे आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांच्या हातात किती आहे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

रांग कशी लागते

अमेरिकेत आज जी पद्धत आहे तिचा पाया १९६५ च्या कायद्यानं घातला. त्याआधी देशवार कोटा होता आणि भारताच्या वाट्याला वर्षाला मोजकीच माणसं यायची. १९६५ नंतर नात्याला महत्त्व आलं. पुढं १९९० च्या कायद्यानं आकडे ठरवून दिले, आणि आजही तेच आकडे चालू आहेत.

अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. त्यांच्या अर्जाला वेळ लागतो, पण रांग नसते. बाकीच्या नात्यांना रांग आहे. नागरिकाची एकवीस वर्षांवरची मुलं, लग्न झालेली मुलं, ग्रीन कार्डवाल्यांची बायकामुलं आणि सगळ्यांत शेवटी भाऊ-बहीण, असे त्यात वर्ग पाडलेले आहेत. या सगळ्या वर्गांना मिळून वर्षाला किमान २ लाख २६ हजार व्हिसे आहेत. त्यातले भावा-बहिणींसाठी ६५ हजार, आणि तेही साऱ्या जगाला मिळून. शिवाय कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही. देश छोटा असो की भारताएवढा मोठा, टक्के तेवढेच.

एक गोष्ट इथं स्पष्ट केली पाहिजे, कारण त्यात फार गोंधळ होतो. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही. ग्रीन कार्डवाला आपल्या बायकोसाठी आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करू शकतो, आईवडील किंवा भावासाठी नाही. भावासाठी अर्ज करायचा तर आधी नागरिक व्हावं लागतं आणि वय एकवीस पूर्ण असावं लागतं.

अर्ज ज्या दिवशी तिकडच्या सरकारी दप्तरात दाखल झाला, ती तारीख म्हणजे आपला नंबर. दर महिन्याला तिकडचं परराष्ट्र खातं 'व्हिसा बुलेटिन' नावाचा तक्ता काढतं. आज कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, ते त्यात लिहिलेलं असतं. कारखाना उसाच्या लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम लावतो, तसंच हे समजा. २०२५ सालात भारतातल्या भावा-बहिणींच्या वर्गात २००६ साली टाकलेल्या अर्जांची पाळी चालू होती. म्हणजे जवळपास एकोणीस वर्षं. हापूसचं कलम लावलं तर पाचव्या वर्षी फळ दिसायला लागतं, हे त्याच्या चौपट झालं.

एकच महिना, दोन घरं

आता उदाहरण म्हणून दोन घरं डोळ्यांपुढं धरू. गाव एकच, भावकी एकच. दोन्ही घरच्या लेकी अमेरिकेत, दोघी नागरिक. दोघींनी एप्रिल २००६ मध्ये आपापल्या भावासाठी अर्ज टाकला. पहिल्या घरात एक मुलगी, दुसऱ्या घरात एक मुलगा. दोघांचा जन्म जानेवारी २००० चा, दोघं एकाच वर्गात शिकलेली.

पहिल्या घरचा अर्ज अकरा महिन्यांत, मार्च २००७ ला मंजूर झाला. घरात पेढे वाटले. दुसऱ्या घरचा अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथं सव्वापाच वर्षं पडून राहिला, तो जुलै २०११ ला मंजूर झाला. त्या सव्वापाच वर्षांत दुसऱ्या घरानं किती बोलणी खाल्ली असतील! "त्यांचं झालं, तुमचं का नाही? तुमच्या बहिणीनं कागद नीट भरले नसतील."

मंजुरी मिळाली तरी पाळी दोघांची एकदमच येणार, कारण पाळी अर्जाच्या तारखेवर ठरते. समजा एप्रिल २०२५ मध्ये दोघांची पाळी आली. आईबापाबरोबर मुलांना नेता येतं, पण मूल एकवीस वर्षांखालचं आणि अविवाहित असेल तरच. दोघंही तेव्हा सव्वापंचवीस वर्षांची. मग दोघंही बाद व्हायला हवीत. तसं होत नाही.

कारण असं, की सरकारी उशिराचा फटका मुलांना बसू नये म्हणून अमेरिकेनं २००२ साली एक कायदा केला. अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. हेतू चांगला आहे. आता हिशेब करा. दुसऱ्या घरचा मुलगा सव्वापंचवीस वर्षांचा, त्यातून सव्वापाच वर्षं गेली, कायद्याच्या नजरेत तो वीस वर्षांचा राहिला. तो आईबापाबरोबर जाणार. पहिल्या घरच्या मुलीच्या वयातून फक्त अकरा महिने वजा होतात. ती चोवीस वर्षं चार महिन्यांची ठरते. ती राहिली मागं.

म्हणजे ज्या मंजुरीचे पेढे वाटले, तीच मंजुरी लवकर आली म्हणून लेक मागं राहिली. ज्या घरानं उशिराबद्दल कपाळ बडवून घेतलं, त्यांचं काम झालं. यात दोन्ही घरांनी काही केलं नाही, काही चुकवलं नाही. अर्ज कुठल्या टेबलावर गेला, एवढाच फरक. मंजुरीनंतर पाळीसाठी जी अठरा वर्षं थांबावं लागलं, ती वयातून वजा होत नाहीत, हे या कायद्याचं दुखणं आहे.

लेकीच्या मागं राहण्याचा अर्थही समजून घ्या. आपल्या आईबापाच्या अर्जाची जुनी तारीख अशा मुलांना मिळावी, म्हणून तिकडं खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली निकाल विरोधात लागला. त्यामुळं आईबाप तिकडं गेल्यावर त्यांनी लेकीसाठी नवा अर्ज टाकायचा आणि नव्या रांगेत शेवटी उभं राहायचं. त्या वर्गात २०२५ मध्ये २०१६ सालच्या अर्जांची पाळी चालू होती. आणि अट अशी, की तोवर मुलीनं लग्न करायचं नाही. लग्न झालं की तो अर्ज रद्द. पंचवीस वर्षांच्या मुलीला आणखी आठ-नऊ वर्षं अविवाहित ठेवायची, की तिचं इकडंच लग्न लावून कायमचं मागं सोडायचं? हा प्रश्न कुठल्या टेबलावर सुटत नाही. तो माजघरात सोडवावा लागतो.

रांगेचाच नियम बदलतो

एकाच महिन्यात टाकलेले अर्ज वेगवेगळ्या वेळी निकाली निघतात, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे मधेच बदलणारे नियम.

ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांचा वर्ग घ्या. जुलै २०१९ पासून त्या वर्गात रांगच उरली नव्हती, अर्ज करा आणि या. कैक तरुणांनी त्या भरवशावर लग्नं केली. एप्रिल २०२३ च्या तक्त्यात तारीख एकदम सप्टेंबर २०२० वर मागं गेली. काल ज्याचा दरवाजा उघडा होता, त्याच्यापुढं आज अडीच वर्षांची रांग उभी राहिली.

२०२० सालचं तर सगळ्यांना आठवत असेल. कोरोनामुळं वकिलाती बंद झाल्या. एप्रिल २०२० मध्ये तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी बहुतेक कौटुंबिक व्हिसे थांबवले, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा खुले झाले. त्या काळात कुटुंबांच्या वाट्याचे जे व्हिसे वापरले गेले नाहीत, ते पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे नोकरीवाल्यांच्या खात्यात वळते झाले. एका वर्षाचाच तो आकडा १ लाख २० हजारांच्या वर होता. धरणाचं आपल्या पाळीचं पाणी बंद ठेवायचं आणि आवर्तन संपल्यावर ते दुसऱ्या कालव्याला सोडायचं, त्यातला हा प्रकार. नियमात बसतं, पण ज्याचं रान वाळलं त्याला काय सांगणार?

मुलांचं वय मोजण्याची रीतही अशीच हलली. व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात, एक कागद दाखल करण्याचा आणि एक प्रत्यक्ष व्हिसा देण्याचा. पहिला बहुधा पुढं असतो. अमेरिकेत राहूनच अर्ज करणाऱ्यांच्या मुलांचं वय कुठल्या तक्त्यावर मोजायचं, याचा नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये बदलून मुलांना सवलत दिली. १५ ऑगस्ट २०२५ पासून ती काढून घेतली. अडीच वर्षांत दोन रिती. त्या अडीच वर्षांत ज्याचा कागद दाखल झाला तो सुटला, महिनाभर मागं राहिला तो अडकला.

कॅनडाची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथं स्थायिक झालेला मुलगा आईवडिलांना आणि आजी-आजोबांना कायमचं बोलावून घेऊ शकतो, अशी योजना आहे. थकलेल्या अर्जांचा ढीग झाला म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये नवे अर्ज बंद केले. जानेवारी २०१४ मध्ये पाच हजारांची मर्यादा घालून पुन्हा उघडले. तेव्हा आधी येईल त्याला आधी असा नियम होता. मग २०१७ ला सोडत आली. लोक सोडतीवर नाराज झाले म्हणून जानेवारी २०१९ ला पुन्हा आधी येईल त्याला आधी, पण संगणकावर. खिडकी उघडली आणि काही मिनिटांतच जागा संपल्या. ज्याचं इंटरनेट जोरात आणि बोटं चपळ, त्याचे आईबाप गेले. त्यावरही ओरड झाली म्हणून २०२० मध्ये परत सोडत. आणि त्यानंतर २०२१ पासून २०२५ पर्यंत त्या २०२० सालच्या यादीतूनच नावं काढत राहिले. २०२० नंतर जो पात्र झाला, त्याला साधं नाव नोंदवायचीही सोय मिळाली नाही. आईबाप सत्तरीचे असतील तर ही पाच वर्षं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आपल्याला यात काही नवखं वाटायचं कारण नाही. महाडीबीटीवर औजारांसाठी आपण वर्षानुवर्षं सोडतीची वाट बघितली, आणि २०२५ पासून प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आलं. सोडत बरी की आधी येईल त्याला आधी बरं, यावर दोन्हीकडून बोलता येईल. पण नियम कुठलाही असो, अर्ज टाकताना जो होता तो निकाल लागेपर्यंत टिकावा, एवढी अपेक्षा शेतकऱ्याचीही असते आणि परदेशी गेलेल्या लेकाचीही.

मरण आणि परतीची वाट

लांबलेल्या रांगेत आणखी एक धोका असतो, तो बहुतेकांना माहीत नसतो. अर्ज करणारी बहीणच वारली, तर मंजूर झालेला अर्जही आपोआप रद्द होतो. माणुसकीच्या मुद्द्यावर तो पुन्हा चालू करा अशी विनंती करता येते, पण ती मान्य करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. एकोणीस वर्षांच्या रांगेत बहीण पन्नाशीची सत्तरीला पोचते. भावाची पाळी यायची आणि बहिणीनं डोळे मिटायचे, असं घडू शकतं.

काही जण म्हणतात, "सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं राहू, म्हणजे शेतीही सांभाळली जाईल." ग्रीन कार्ड तिथं राहण्यासाठी आहे. पूर्वपरवानगीशिवाय वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं आणि वारंवारच्या लांब मुक्कामांवरही प्रश्न विचारले जातात. तेव्हा हा बेत करण्याआधी जाणकार वकिलाला विचारावं.

गावचं दप्तर आणि वकिलातीचा टेबल

आता ग्रामपंचायतीच्या मंडळींना सांगायचं ते. एकोणीस वर्षं थांबून पाळी येते, आणि मग काम अडतं ते गावच्या दाखल्यावर. भावाच्या वर्गात सिद्ध काय करायचं असतं, तर अर्ज करणारी बहीण आणि हा भाऊ एकाच आईबापाची लेकरं आहेत. त्यासाठी दोघांचे जन्मदाखले लागतात आणि त्यांवर आईवडिलांची नावं जुळावी लागतात.

आपल्याकडं काय असतं? बहिणीच्या दाखल्यावर आईचं नाव माहेरचं, भावाच्या दाखल्यावर सासरचं. एकीकडं नुसतं 'बाई' लावलेलं, दुसरीकडं नाही. वडिलांचं आडनाव एका कागदावर गावावरून, दुसऱ्यावर कुळावरून. जन्मतारखेची तर गंमतच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाची तारीख १ जून लिहिली. मग कागदावर दोन सख्खी भावंडं सहा-सात महिन्यांच्या अंतरानं जन्मलेली दिसतात. आपण हसून सोडून देतो. मुंबईच्या वकिलातीतला अधिकारी हसत नाही, तो फाईल बाजूला ठेवतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. बहुतेक ठिकाणी तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद पुष्कळदा नसतेच. असली तर ती तहसील कार्यालयात, गाव नमुना १४ म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात सापडू शकते. नोंद सापडत नसेल तर 'नोंद आढळून येत नाही' असा सही-शिक्क्याचा दाखला घ्यावा आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं असा दुय्यम पुरावा जोडावा. असा पुरावा तिकडं चालतो. नोंद नाही म्हणून खोटी नोंद करून घेण्याची गरज नाही, आणि तसं करणं अंगाशी येतं.

राहिलेली नोंद आता करायची असेल तर रीतसर मार्ग आहे. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनं हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं आला. पुढं २०२५ मध्ये राज्य शासनानं ही पद्धत कडक केली आणि आधी दिलेल्या अनेक आदेशांची फेरतपासणी लावली. म्हणजे रांगेत असताना नियम बदलण्याचा अनुभव घ्यायला अमेरिकेलाच जावं लागतं असं नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. एका गावात आईच्या नावाची दुरुस्ती एका अर्जावर आणि दोन पुराव्यांवर होते. शेजारच्या गावात त्याच कामाला प्रतिज्ञापत्र, पोलीसपाटलाचा दाखला आणि वर तीन हेलपाटे लागतात. कायदा एक, तालुका एक, मग रीत दोन का? मागणारा चिडतो तो दाखला उशिरा मिळाला म्हणून कमी, शेजाऱ्याला तोच दाखला सहज मिळाला म्हणून जास्त. गावच्या कर्मचाऱ्यांना अमेरिकेची रांग हलवता येणार नाही. पण कुठल्या दाखल्याला कुठले कागद लागतात याची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावता येते. कागद कमी असेल तर "उद्या या" म्हणण्याऐवजी काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून देता येतं. अर्जाची पोच देता येते. याला शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही.

लग्नाच्या नोंदीचंही तसंच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी होते. हळद उतरल्यावर आठवड्याभरात ती करून घ्यावी. वीस वर्षांनी साक्षीदार शोधत फिरण्यापेक्षा ते सोपं.

जायचं म्हणून जमीन सोडू नका

आता माझ्या खात्याचं बोलतो, कारण मला सगळ्यांत जास्त ते टोचतं. ज्या घरात असा अर्ज पडलेला असतो, त्या घरची शेती बघितली की कळतं. विहिरीतला गाळ काढलेला नसतो. ठिबकच्या नळ्या फाटलेल्या तशाच. बांधावर नवं झाड नाही. विचारलं तर म्हणतात, "आता दोन वर्षांत जायचंच आहे, कशाला खर्च?" ती दोन वर्षं पंधरा वर्षं चालतात. दहा वर्षांत जमीन उतरते, पोरगं ना शेतीत ना नोकरीत. व्हिसा येईल तेव्हा येईल, पण तोवरचं पीक गेलं ते गेलं.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. अर्ज टाकला असेल तर टाकलेला राहू द्या आणि शेती अशी करा की जणू अर्ज नाहीच. माती परीक्षण करा, बाग लावा, मुलाला शिकवा, मुलीचं स्थळ बघा. मात्र लग्न ठरवण्याआधी त्याचा अर्जावर काय परिणाम होतो ते समजून घ्या आणि मग घरात बसून ठरवा. अर्ज आपल्यासाठी आहे, आपण अर्जासाठी नाही.

जमिनीबाबत दोन गैरसमज आहेत. एक, ग्रीन कार्ड मिळालं की इथली जमीन जाते. तसं नाही. ग्रीन कार्डवाला भारताचाच नागरिक राहतो, आणि तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यालाही वडिलोपार्जित शेतजमीन वारसानं मिळते. दुसरा गैरसमज उलटा, की तिकडून पैसे पाठवून इथं शेतजमीन घेता येते. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन खरेदी करता येत नाही, वारसानं मात्र मिळते. तेव्हा बहिणीच्या पैशानं तिच्याच नावावर रान घेण्याच्या भानगडीत पडू नका. वडील वारले असतील तर वारस नोंद वेळेवर करून घ्या, परदेशातल्या बहिणीचं नाव लपवू नका. आज व्हिसासाठी ती बहीण आणि उद्या सातबाऱ्यावर ती नाही, असं दोन दप्तरांत दोन प्रकारे दिसलं तर दोन्हीकडं अडचण होते.

हातात आहे तेवढं करून ठेवा

ज्यांचे अर्ज चालू आहेत त्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात. अर्जाची मूळ पावती, त्यावरची तारीख आणि मंजुरीचा कागद जपून ठेवा. मुलांच्या वयाचा सगळा हिशेब या दोन तारखांवर आहे. पत्ता बदलला तर कळवा. मंजुरीनंतर फाईल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडं जाते आणि त्यांचं पत्र चुकलं तर वर्ष जातं. पाळी आल्यापासून एका वर्षाच्या आत मुलासाठी पुढचं पाऊल उचलावं लागतं, नाहीतर वय वजा होण्याची सवलतही हातची जाते. भावंडांचे दाखले, आईवडिलांची नावं, पासपोर्ट आणि आधार हे सगळं एका ओळीत लावून बघा. फरक असेल तर पाळी यायच्या आधी दुरुस्त करा, आल्यावर नाही.

आणि शेवटचं. तालुक्याच्या गावी काही मंडळी सांगतात, "पाळी पुढं सरकवून देतो, वरती ओळख आहे." व्हिसा बुलेटिन दर महिन्याला सगळ्यांसाठी फुकट प्रसिद्ध होतं, कुठल्याही शिकलेल्या पोराला मोबाईलवर ते दाखवता येतं. त्यातली तारीख कुणालाही पैसे घेऊन हलवता येत नाही. तिकडचा कारभार कितीही उलटसुलट असला, तरी दलालानं तो सुलटा होत नाही.

तिकडचा कायदा तिकडची माणसं बदलतील तेव्हा बदलेल. मुलांच्या वयाचा हा अन्याय तिथल्या कायदेमंडळालाच दूर करता येईल, तो आपल्या हातात नाही. मात्र एकोणीस वर्षं थांबलेल्या माणसाचं काम आपल्या गावच्या एका दाखल्यावरून अडलं, असं व्हायला नको. सारख्या कामाला सारखी रीत, आणि ती लिहून लावलेली, एवढं प्रत्येक ग्रामपंचायतीनं ठरवलं तर त्याचा फायदा परदेशी जाणाऱ्या चार घरांपुरता राहणार नाही. पीक विम्यापासून वारस नोंदीपर्यंत रांगेत उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला तो मिळेल.